दिसलेलं आणि आठवलेलं

९ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी हातमोजे चढवून पेशींना खाणं घालत होते. हातातलं काम टाकता येईना, म्हणून फोन खांद्याने कानाशी धरून तसंच सगळं ऐकलं. अक्षरं मुद्दाम मोठी काढते आहे. माझ्या अक्षराला तू मुंग्यांची रांग म्हणायचास. आता बघ, हत्ती चालले आहेत. मोबाइल आणि संगणक बंद म्हणजे बंद, असं डॉक्टरांनी तुला बजावलंय म्हणे. तेव्हा आपलं आता पत्रांवरच.

वहिनी म्हणाली की छापखान्यात तुझ्याच लाल पेनाची खूण एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने मळकट गुलाबी दिसली, आणि तू आधी शाई बदलून पाहिलीस. दादा, शाई! डोळा फिरवला की आत दुखतं हेही तू दोन दिवस कुणाला सांगितलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी पाय बधिर झाला तेव्हाच मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव आपल्या घरात आलं, त्यामुळे नवं काही सांगत नाही. शरीराची फौज चुकून आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते. या खेपेला डाव्या डोळ्यामागची नस तिच्या हाती लागली, एवढंच.

स्टेरॉइडने सूज उतरेल. बऱ्याच जणांची नजरही बरीचशी परत येते. मला काळजी आहे ती त्यानंतरची. डोळ्याच्या पडद्यात ज्या पेशी असतात त्यांच्या लांब शेपट्यांचा जुडगा म्हणजे ती नस. सूज गेली तरी त्या पेशी पुढचे काही महिने मरत राहतात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. मी अकरा वर्षं याच पेशी सांभाळते आहे. मरण्याआधी त्या आपल्या फांद्या आखडून घेतात. तेवढ्या अवधीत त्यांना आधार मिळाला तर काही पुन्हा फांद्या पसरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण उंदराच्या पेशींत आणि काचेच्या ताटलीत. माणसात नाही.

तुमच्या मोठ्या रुग्णालयात याच कामाच्या एका औषधाची चाचणी चालू आहे. दुखणं सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आतलेच रुग्ण घेतात. लगेच जा. माझा त्या चाचणीशी काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वशिला लागला म्हणून तूच नाव मागे घेशील.

डोळा चोळू नकोस, वहिनीवर खेकसू नकोस, आणि माझ्यावर जीव आहे तेवढा राहू दे.

तुझी
टिंबी


२२ फेब्रुवारी

चि. टिंबीस,
अ. उ. आ.

तुझे हत्ती पोचले. निदान एका डोळ्याला तरी स्वच्छ दिसले.

चाचणीत मला घेतलं. संमतिपत्र एकोणीस पानांचं होतं. ते उजव्या डोळ्याने संपूर्ण वाचलं आणि तीन चुका काढून दिल्या. त्यातली एक पान अकरावर, ‘उजव्या’च्या जागी ‘डाव्या’ अशी होती. डॉक्टर म्हणाले की आजवर एकशे चाळीस जणांनी सह्या केल्या, पण हे कुणी दाखवलं नाही. बाकीच्यांनी वाचलंच नसेल, हे मी ओठांवर येऊ दिलं नाही. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी बावीस वर्षं तपासणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतं की ती कुणी वाचत नाही.

निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी मिळते. कुणाला काय मिळतंय हे मला माहीत नाही, डॉक्टरांना नाही आणि तक्ते दाखवणाऱ्या बाईंनाही नाही. माणूस स्वतःला फसवणार हे आधीच गृहीत धरून केलेली व्यवस्था मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ती फार आवडली. दर महिन्याला दोन मोजमापं होतात. एक यंत्र प्रकाश टाकून पडद्यातल्या त्या पेशींच्या थराची जाडी मोजतं. आणि राखाडी अक्षरांचे तक्ते वाचायचे असतात. पहिल्यापेक्षा दुसरा फिका, दुसऱ्यापेक्षा तिसरा. सहा महिने झाले की सगळ्यांना वर्षभर खरं औषध मिळणार. ज्याच्या नोंदी बाद ठरतील त्याला मात्र नाही. हे पान चौदावर आहे. मला ते वर्ष हवं आहे, टिंबे. डाव्यासाठी तर हवंच, पण उजव्यासाठी जास्त, कारण पुढचा घाला कुणावर पडेल सांगता येत नाही आणि माझं पोट त्याच्यावर आहे.

यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसलो तेव्हा तुझी प्रयोगशाळा आठवली. गेल्या वर्षी आलो होतो तेव्हा तू पेशींच्या छायाचित्रांवर नुसते आकडे टाकून ठेवले होतेस, म्हणजे कुठल्या ताटलीत औषध आहे हे मोजताना तुलाही कळू नये. एका छायाचित्रातली गणती दोनदा जुळली, तरी तू तिसऱ्यांदा मोजत बसलीस. मी कंटाळून बाहेर चहा घेऊन आलो आणि तू अजून त्याच छायाचित्रावर होतीस. तेव्हा चेष्टा केली. खरं म्हणजे मला तुझा हेवा वाटला होता. घरात सगळ्यात बारकी म्हणून तुला टिंबी म्हणायला लागलो, पण तू मोठी होऊन टिंबंच मोजत बसशील असं वाटलं नव्हतं.

रोजनिशीत आता रोज एक ओळ डाव्या डोळ्याची लिहितो. तुझी वहिनी म्हणते की बायकोची ओळ कधी लिहिणार. तब्येत सांभाळ. माझा आशीर्वाद आहे, तुझी माया असू दे.

दादा


१८ जून

चि. टिंबीस,
अ. उ. आ.

चार ओळीच लिहितो, पण गोड आहेत. फेब्रुवारीपेक्षा आज डाव्या डोळ्याने अकरा अक्षरं जास्त वाचली. अकरा! तक्तेबाईंनी चक्क टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे पाहिलं. पेशींच्या थराची जाडी सुरुवातीला ब्याऐंशी मायक्रॉन होती, ती तिसऱ्या महिन्यात चौऱ्याहत्तरवर आली आणि तिथेच थांबली आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही. पण ज्यांनी आयुष्य घालवून असल्या गोळ्यांचा विचार केला त्यांच्यात आपली टिंबी आहे, हे मी प्रतीक्षालयात एका अनोळखी माणसाला सांगून टाकलं. तो बिचारा दाताच्या डॉक्टरांकडे आला होता.

खुशाली कळव. जीव लावतेस तसा लावत राहा.

दादा


२६ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र दारातच उभ्याउभ्या वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं. आमच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, एक रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे, आणि कित्येकांची नजर आपोआप सुधारते. मला का ते माहीत नाही? मीच मुलांना हे शिकवते. तरी दुपारी एकटीने जाऊन दोन आइस्क्रीम खाल्ली, दुसरं तुझ्या नावाचं.

अकरा वर्षांत माझ्या टिंबांना कधी चेहरा नव्हता. आता प्रत्येक जगलेल्या पेशीकडे बघून वाटतं, हिने दादाला एखादा काना दाखवला असेल. शास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य टाकाऊ आहे, म्हणून ते फक्त तुला लिहिते.

वहिनीला माझ्याकडून एक घट्ट मिठी. असाच सुधारत जा आणि माझी आठवण ठेव.

टिंबी


९ जुलै

चि. टिंबीस,
अ. उ. आ.

हे पत्र तीन दिवस लिहितो आहे.

सोमवारी रुग्णालयात एक कागद द्यायला गेलो होतो. जिन्याने उतरताना भिंतीवर गाड्या कुठे लावाव्यात याची सूचना दिसली. राखाडी पाटी, थोडी गडद अक्षरं. सहज म्हणून उजवा डोळा झाकला. पाटी राहिली, अक्षरं गेली. मी पुढे सरकलो, पापणी पुसली, तरी नाहीत. आणि याच इमारतीत, याच डोळ्याने, मी त्याहून फिकी अक्षरं म्हणून दाखवली होती.

‘म्हणून दाखवली’ असं मनात आलं आणि मी तिथेच थांबलो. वाचून दाखवली असं मनात आलंच नाही. मग जिन्यातच ती ओळ म्हणून पाहिली. आली. तिच्या वरचीही आली. टिंबे, मला तो तक्ता पाठ आहे.

माझं काम कसं चालतं ते तुला माहीत आहे. एका बाजूला मूळ प्रत, दुसऱ्या बाजूला प्रूफ. मूळ प्रतीतली ओळ डोक्यात धरायची आणि प्रुफावर जायचं. बावीस वर्षं दिवसभर हेच करतो. तक्तेबाई आधी उजवा डोळा तपासतात आणि मग तेच तक्ते डाव्याला दाखवतात. उजव्याने वाचलेली ओळ डोक्यात धरून मी डाव्यावर जात होतो. डाव्याला अक्षराचा नुसता भास झाला की बाकीचं डोकं भरून काढत होतं. माझ्या धंद्यात यासारखी घातक चूक दुसरी नाही. जे असायला हवं तेच दिसतं, आणि गोळ्यांच्या मात्रेतलं एक शून्य तसंच छापलं जातं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

मी खोटं बोललो का? तीन दिवस हाच प्रश्न उलटापालटा करतो आहे. त्या क्षणी मला अक्षरं दिसताहेत असंच वाटत होतं, हे शपथेवर सांगेन. पण रोजनिशी उघडली तर एप्रिलमधल्या एका पानावर लिहिलं आहे, तिसरी ओळ आज सोपी गेली. आणि त्याच पानावर, त्याखाली, डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा दिसला नाही. दोन्ही मीच लिहिलं. दोन्हींच्या मधे थांबावंसं मला वाटलं नाही. ते मला टाळायचंच होतं का, हे नक्की सांगता येत नाही.

सांगितलं तर नोंदी बाद होतील आणि औषधाचं वर्ष जाईल. तुझ्या वहिनीला अजून बोललो नाही. पुढची तपासणी बावीस तारखेला आहे. तुझं मत कळव. तू माझ्यापेक्षा यातलं जास्त जाणतेस.

तुझ्या मायेची आज जरा जास्त गरज आहे.

दादा


१५ जुलै

ति. दादास,
सा. न. वि. वि.

सरळ लिहिते. सांगू नकोस. निदान सहा महिने पुरे होईपर्यंत नको.

मुख्य मोजमाप थराच्या जाडीचं आहे. अक्षरं दुय्यम. यंत्रापुढे तुला काही पाठ म्हणता येत नाही, तो आकडा खरा आहे. दोनशे माणसांच्या सरासरीत एका माणसाची आठ-दहा अक्षरं म्हणजे समुद्रात चिमूटभर. तक्ते न बदलणं ही त्यांची चूक आहे, तुझी नाही. बदलायला हवे होते, हे शाळेतलं पोर सांगेल. त्यांच्या ढिलाईपायी तू तुझा उजवा डोळा का पणाला लावायचा?

मी उंदरांच्या पेशी मोजते तेव्हा ते उंदीर कुणाचे भाऊ आहेत हे मला माहीत नसतं. म्हणून मला निष्पक्ष राहणं जमतं. तुझ्या बाबतीत ते जमत नाही आणि जमवायचंही नाही. तू गप्प बस. ऑगस्टमध्ये औषध सुरू होऊ दे, मग हवं तर मीच येऊन तुझ्या वतीने सांगेन.

रागावू नकोस. लहान बहीण म्हणून पदरात घे.

टिंबी


२४ जुलै

चि. टिंबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावलो नाही. खरं सांगतो, वाचून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच मला भीती वाटली.

परवा सांगून टाकलं. आधी तुझ्या वहिनीला, स्वयंपाकघरात. तिने चुलीवरचं उतरवलं, हात पुसले आणि गाडीची किल्ली घेतली. एवढंच. वाटेत एका सिग्नलला ती म्हणाली की चार दिवस मी मीठ दोनदा घातलेली भाजी न बोलता खातोय, तेव्हाच तिला संशय आला होता.

डॉक्टरांनी माझे कागद पुढे ओढून अक्षरांच्या नोंदींवर खूण केली. तक्तेबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या की पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच त्या करत होत्या. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी माझी मागितली, आणि कोण कुणाला माफ करतंय हे दोघांनाही समजेना. मग त्यांनी कपाटातून सीलबंद पाकिटातले दुसरे तक्ते काढले. अकरा अक्षरांची वाढ तीनवर आली. तीन खरी आहेत. बाहेर येऊन पुन्हा पुन्हा स्वतःला तेच सांगत राहिलो, पण तीन हा आकडा फार छोटा वाटला. थराची जाडी अजून चौऱ्याहत्तर आहे.

प्रतीक्षालयात शिवणकाम करणाऱ्या एक बाई असतात, माझ्याच चाचणीतल्या. मला उशीर का झाला असं त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं. त्या गोंधळून गेल्या. त्यांना वाटत होतं की ही परीक्षाच आहे. त्या घरी कागदावर ओळी लिहून पाठ करत होत्या, नापास झाले तर औषध बंद होईल म्हणून. माझा हात धरून त्या आत गेल्या आणि त्यांनीही सांगितलं. हिंमत त्यांची, टिंबे. मी तरी काही महिने नकळत केलं आणि मग दोन आठवडे विचार करत बसलो. त्या दोन मिनिटांत उठल्या.

तू लिहिलंस ते चिमूटभराचं गणित मी मांडून पाहिलं. बरोबर आहे. पण ते आकडे घेऊन कुणीतरी बसेल. एखादी बाई, गणती दोनदा जुळली तरी तिसऱ्यांदा मोजणारी. चहा थंड होऊ देणारी. तिच्या बेरजेत माझी आठ अक्षरं खोटी असतील आणि ती कितीही वेळा मोजली तरी तिला ते सापडणार नाही. मला ती बाई ओळखीची आहे. तिच्याशी मला असं वागता येईना.

समिती काय ते ठरवेल. बाद झालो तर झालो. तुझं प्रेम मात्र बाद होऊ देऊ नकोस.

दादा


१२ ऑगस्ट

ति. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने काल फोनवर निकाल सांगितला. तू चाचणीत राहिलास. अक्षरांच्या नोंदी खोडल्या, जाडीच्या ठेवल्या. सगळ्या केंद्रांवर प्रत्येक डोळ्याला वेगळा तक्ता लागणार आणि वाचन पहिल्यापासून होणार. त्यामुळे खरं औषध सगळ्यांनाच तीन महिने उशिरा मिळणार. हे तीन महिने मला बोचतात, ते लपवत नाही. तुझ्या डोळ्यात आत्ता कुठल्या गोळीचा आधार आहे, आहे की नाही, हे मला माहीत नाही. या तीन महिन्यांत काय होईल तेही नाही.

माझ्या त्या पत्राची मला लाज वाटते. तू ते फाडू नकोस. माझ्या हातचं आहे, राहू दे.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी माझी गणतीची वही काढून बसले, कारण तिसऱ्यांदा मोजताना मला काय होतं ते आठवलं. छायाचित्र ओळखीचं झालेलं असतं. कुठे दाटी आहे, कुठे कोपऱ्यात एकटी पेशी आहे, हे हात पोचायच्या आधी मला ठाऊक असतं. सरांना तसं सांगितलं. आता तिसरी गणती शेजारच्या खोलीतली बाई करते, माझे आकडे न बघता. पहिल्या चाळीस छायाचित्रांपैकी सहांत आमचं जमलं नाही. सहापैकी चारांत ती बरोबर होती. आमच्या खोलीत आता याला ‘दादा-गणती’ म्हणतात. सर सभेतसुद्धा तसंच म्हणाले आणि परक्या लोकांना वाटलं की हा एखादा नामांकित शास्त्रज्ञ असणार. मी दुरुस्ती केली नाही.

लहानपणापासून मला वाटायचं की आपल्या घरात हुशार मी आणि तू नुसता काटेकोर. काटेकोरपणा किती महाग असतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

या पानाच्या तळाशी फिक्या पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे. ती डाव्या डोळ्यासाठी. तक्त्यातली सुटी अक्षरं नाहीत, सरळ अर्थाचं वाक्य आहे, म्हणजे अंदाज करता येईल. ते तुझ्यावर सोडते.

होतास तसाच राहा. मला तेवढं पुरे.

टिंबी


२० ऑगस्ट

चि. टिंबीस,
अ. उ. आ.

पत्राचा वरचा भाग उजव्या डोळ्याने वाचला. तळाची ओळ आधीच दुमडून घेतली होती. मग खिडकीजवळ बसलो, उजव्यावर पट्टी बांधली आणि घडी उलगडली. पाऊण तास लागला. दिसलं ते असं:

दादा, तुझ्यासारखा ________ माणूस ________ म्हणून मिळाला, याचा मला फार ________ आहे.

तीन जागा मोकळ्या आहेत. पहिली कुणीही भरून देईल, तुझी वहिनी तर झोपेतही. बाकीचे दोन शब्दही काय असतील हे मला ठाऊक आहे. एक्केचाळीस वर्षं तुला ओळखतो. पण दिसले नाहीत, म्हणून लिहिले नाहीत. ‘फार’ हा शब्द मात्र दिसला. त्यातला काना अगदी स्वच्छ दिसला.

ओळ पुन्हा दुमडून ठेवली आहे. उजव्या डोळ्याला अजून दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही. दर महिन्याला डाव्याने बघेन आणि कमीजास्त जे असेल ते कळवेन.

तुझ्या वहिनीने ती वाचली. वाचून पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभी राहिली. काय लिहिलंय ते सांगू नकोस, असं मी तिला आधीच बजावलं होतं.

लोभ आहे, हे मला न वाचताही कळतं. तरी लिहीत जा.

दादा